आत शिरणे सोपे, परतणे कठीण : एकात एक दडलेली माहिती आणि लूपचा इतिहास

(थ्रेड)

१.
अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. संगणकाच्या इतिहासातही नेमका असाच एक प्रश्न आहे. माहितीच्या आत माहिती, तिच्या आत आणखी माहिती अशी रचना असेल, तर तिच्यात खोल उतरता येते. पण आलो त्या वाटेने परत कसे यायचे? ती वाट लक्षात कोणी ठेवायची : माणसाने, यंत्राने की भाषेने? आज पायथन किंवा पर्लमध्ये चार-सहा ओळींत हे काम होते. त्या ओळींमागे एक तळघर आहे, एक दूरध्वनी आहे आणि मानवी जनुकसंचाचा प्रकल्पही आहे.

२.
आधी प्रश्न नीट समजून घेऊ. समोर एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. मूळपुरुष, त्याची मुले, त्यांची मुले, अशी ती उतरंड. त्यातील प्रत्येक नाव एकदाच वाचून दाखवायचे आहे. केवळ एका पिढीची यादी असती तर साधे लूप पुरले असते : पहिले नाव घ्या, वाचा, पुढचे घ्या, यादी संपली की थांबा. दोन पिढ्या असतील तर लूपच्या आत दुसरे लूप. तीन पिढ्या असतील तर तीन.

३.
पण पिढ्या किती हेच ठाऊक नसेल तर? एक शाखा दुसऱ्याच पिढीत खुंटलेली, दुसरी अकराव्या पिढीपर्यंत वाहत आलेली. मग लूपमध्ये लूप किती लिहायची? हे आधी ठरवता येत नाही. लूप आडवे चालते, कुलवृत्तांत मात्र खोल जातो. शिवाय एका शाखेच्या तळाशी पोहोचल्यावर ‘आपण वर कोणत्या भावापाशी थांबलो होतो’ हे आठवावे लागते, नाही तर पुढच्या भावाची शाखा सुटते. आपल्या गोष्टीतील खरी अडचण ही आठवण आहे.

४.
संगणक येण्यापूर्वीच या अडचणीवर एक उत्तर सापडले होते. एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८८२ साली गणिती रंजनावरील आपल्या ग्रंथात त्रेमो नावाच्या गृहस्थाची रीत नोंदवली. चक्रव्यूहात चालताना प्रत्येक वाटेच्या तोंडाशी खूण करा. नवी वाट दिसली तर आत जा. वाट खुंटली की परत फिरा. दोन खुणा झालेल्या वाटेला पुन्हा जाऊ नका. आज ‘डेप्थ-फर्स्ट सर्च’ म्हणून जे शिकवले जाते त्याचे हे पूर्वरूप. येथे परतीची वाट भिंतीवरील खडूने लक्षात ठेवली आहे.

५.
आता यंत्रांकडे वळू. १९५७ साली आयबीएमने फोरट्रान ही भाषा बाहेर आणली. तिच्यातील ‘डू’ लूप ही तेव्हाच्या प्रोग्रामरांसाठी मोठी सुटका होती. परंतु फोरट्रानची माहिती म्हणजे अंकांचे तक्ते, आणि तक्त्याला पहिल्या आवृत्तीत जास्तीत जास्त तीन मिती. खोली आधीच ठरलेली. हवामानाचे वा विमानाच्या पंखाचे गणित करताना यात काहीच उणे नव्हते. कुलवृत्तांतासारखी माहिती मात्र या भाषेत मावत नव्हती.

६.
अडथळा केवळ तक्त्यांचा नव्हता. फोरट्रानमधील उपकार्यक्रम आपले काम संपवून कोठे परतायचे तो पत्ता एका ठरलेल्या जागी ठेवत असे. प्रत्येक उपकार्यक्रमाला एकच कोनाडा. समजा त्या उपकार्यक्रमाने काम अर्धवट असताना स्वतःलाच पुन्हा बोलावले, तर कोनाड्यातील जुना पत्ता पुसून तेथे नवा लिहिला जाणार. आत जाता आले, पण परतीचा कागद हरवला. फोरट्रानच्या प्रमाणित रूपात स्वतःला बोलावण्याची, म्हणजे रिकर्शनची, सोय थेट ‘फोरट्रान ९०’मध्ये आली.

७.
एका कोनाड्याऐवजी काय हवे होते? खानावळीतील ताटांची चळत डोळ्यांसमोर आणा. नवे ताट वर ठेवायचे, काढतानाही वरचेच काढायचे. परतीचे पत्ते असे एकावर एक रचले तर शेवटी ठेवलेला पत्ता सर्वांत आधी हाती येतो, आणि चक्रव्यूहातून परतताना नेमका तोच हवा असतो. अ‍ॅलन ट्युरिंग याने १९४५च्या अखेरीस लिहिलेल्या ‘एसीई’ या नियोजित यंत्राच्या अहवालात ही कल्पना मांडली होती. पत्ता ‘पुरणे’ आणि ‘उकरणे’ असे शब्द त्याने वापरले.

८.
म्युनिकमध्ये फ्रिड्रिश बाउअर आणि क्लाउस झामेलझोन यांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली आणि १९५७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी तिला ‘केलर’ म्हटले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ तळघर. कंसांच्या आत कंस असलेली गणिती पदावली सोडवताना अर्धवट राहिलेले काम या तळघरात ठेवायचे आणि वेळ आली की वर आणायचे. इंग्रजीत पुढे ‘स्टॅक’ हा शब्द रूढ झाला. बाउअर हे नाव लक्षात ठेवा. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

९.
१९५८च्या उन्हाळ्यात जॉन मॅकार्थी आयबीएममध्ये एक प्रयोग करत होता : बीजगणितातील पदावलीचे अवकलन यंत्राकडून करून घ्यायचे. शाळेतील नियम आठवून पाहा. बेरजेचे अवकलन म्हणजे अवकलनांची बेरीज. म्हणजे मोठ्या पदावलीचे उत्तर काढायचे तर तिच्या आतील लहान पदावलींना तोच नियम लावायचा, त्यांच्या आतील पदावलींनाही तोच. माहिती एकात एक, आणि तिच्यावर चालणारी क्रियाही एकात एक. फोरट्रानला हे पेलणारे नाही, हे मॅकार्थीच्या ध्यानात आले.

१०.
यातून एमआयटीमध्ये लिस्प ही भाषा जन्मली. तिच्यात यादीचा घटक हा स्वतः एक यादी असू शकतो. खोलीला बंधन नाही. एप्रिल १९६०मध्ये मॅकार्थीचा निबंध प्रसिद्ध झाला. रचनेची व्याख्या जशी स्वतःचाच आधार घेते, तशीच तिच्यावर चालणारी क्रिया लिहावी, हे सूत्र त्यातून प्रस्थापित झाले. कुलवृत्तांताच्या भाषेत सांगायचे तर : ‘या माणसाचे नाव वाच, मग त्याच्या प्रत्येक मुलासाठी हेच कर.’ आडवे लूप एकच, आणि खोली त्या ‘हेच कर’मध्ये सामावलेली.

११.
त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञ एक सामायिक भाषा घडवत होते : अल्गोल. जानेवारी १९६०मध्ये पॅरिसला तेरा जण जमले. मॅकार्थी आणि बाउअर दोघेही त्यांत होते. स्वतःला बोलावणाऱ्या क्रियेसाठी वेगळी खूण असावी हा प्रस्ताव तेथे फेटाळला गेला. मात्र अशा क्रियेला बंदी आहे असेही कोणी लिहून ठेवले नाही. प्रश्न अधांतरी राहिला आणि मंडळी घरोघर परतली.

१२.
फेब्रुवारी १९६०. अहवालाचे संपादन करणाऱ्या पेटर नाउरला कोपनहेगनमध्ये अ‍ॅमस्टरडॅमहून दूरध्वनी आला. आद्रिआन फान वाइंगार्डेन बोलत होता, आपल्या आणि एड्स्गर डाइक्स्ट्रा या तरुण सहकाऱ्याच्या वतीने. अहवालात एक खुलासा घालावा, अशी त्याची विनंती होती : क्रियेच्या अंतर्भागात तिचेच नाव आले तर ती पुन्हा बोलावली आहे असा अर्थ घ्यावा. नाउरने वाक्य घातले. एका वाक्याने रिकर्शन अल्गोलमध्ये शिरले, पुन्हा मतदान न होता.

१३.
बाउअरला हे रुचले नाही. पुढे त्याने या प्रसंगाला ‘अ‍ॅमस्टरडॅमचा कट’ म्हटले. ज्याने तळघर खोदले त्यालाच तळघराचा हा वापर नको होता, हा इतिहासातील विरोधाभास. डाइक्स्ट्राने मात्र वेळ दवडला नाही. याप झोनेवेल्डसह त्याने एक्स-१ या डच यंत्रासाठी अल्गोल ६०चा कंपायलर लिहिला आणि ऑगस्ट १९६०मध्ये तो चालू झाला. परतीची वाट आता माणसाने नव्हे, भाषेने लक्षात ठेवायची, हे येथे सिद्ध झाले.

१४.
आतापर्यंतची गोष्ट विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची. रोजच्या कामाची माणसे, म्हणजे नोंदवह्या चाळणारे, अहवाल काढणारे, यंत्रे सांभाळणारे, यांच्या हाती ही शक्ती आली ती स्क्रिप्टिंग भाषांतून, आणि तीही बऱ्याच उशिरा. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये अल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी एक छोटी भाषा केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव पडले ऑक.

१५.
ऑकचा खरा दागिना म्हणजे तिचे तक्ते. त्यांना क्रमांकाऐवजी शब्दाने हाक मारता येई, आणि ‘या तक्त्यातील प्रत्येक शब्दासाठी’ असे लूप एका ओळीत लिहिता येई. अनेकांना स्क्रिप्टिंगची गोडी या एका सोयीने लावली. मात्र तक्त्याच्या खणात दुसरा तक्ता ठेवता येत नव्हता, आणि सुरुवातीच्या ऑकमध्ये स्वतःच्या क्रिया लिहिण्याचीही सोय नव्हती. म्हणजे खोल माहितीही नाही आणि रिकर्शनही नाही.

१६.
१९८५च्या सुधारित ऑकने यावर तोडगा काढला. पणजोबा, आजोबा, वडील ही तीन नावे मध्ये एक अदृश्य चिन्ह घालून जोडायची आणि त्या लांब शब्दाला एकच किल्ली मानायचे. दिसायला तीन पातळ्या, प्रत्यक्षात सपाट तक्ता. याची किंमत लूपमध्ये मोजावी लागे. एका पणजोबाचा वंश हवा असला तरी साऱ्या घराण्याचा तक्ता चाळायचा, प्रत्येक किल्ली फोडून पाहायची आणि नको त्या टाकून द्यायच्या.

१७.
१८ डिसेंबर १९८७ रोजी लॅरी वॉल या प्रोग्रामरने पर्ल ही भाषा खुली केली. ऑक, सेड, सी आणि शेल यांतील उपयुक्त ते सारे तिने एकत्र आणले आणि यंत्रे सांभाळणाऱ्या लोकांनी तिला डोक्यावर घेतले. पण खोलीच्या बाबतीत तीही अपुरी होती. दोन याद्या तिसऱ्या यादीत ठेवल्या की पर्ल त्यांचे कप्पे मोडून सारे घटक एका ओळीत पसरून टाकी. सपाट किल्ल्यांची ऑकची युक्ती पर्लमध्येही आली. सात वर्षे लोकांनी असेच निभावले.

१८.
१७ ऑक्टोबर १९९४ रोजी पर्ल ५ आली आणि तिच्यासोबत ‘रेफरन्स’ आले. कल्पना साधी : खणात यादी ठेवता येत नाही ना? मग यादीचा पत्ता ठेवा. पत्ता हा एकच लहानसा घटक. तो कोणत्याही खणात मावतो. त्या पत्त्यावर गेल्यावर आणखी पत्ते सापडू शकतात. अशा रीतीने यादीत हॅश, हॅशमध्ये यादी, हव्या तितक्या खोलीपर्यंत रचना उभी राहू लागली, आणि जुने सपाट प्रोग्रामही न मोडता चालत राहिले.

१९.
नवशिक्यांची मात्र तारांबळ उडाली. बाहेरच्या हॅशवर लूप चालवून आतील मजकूर छापायला जावे, तर कागदावर उमटे ‘हॅश’ हा शब्द आणि कंसात स्मृतीतील एक अगम्य पत्ता. घरातील माणसे पाहायला जावे आणि हाती केवळ घराचा क्रमांक यावा, तसे. आत जाण्यासाठी प्रत्येक पातळीवर पत्ता उलगडावा लागे. पातळ्या ठरलेल्या असतील तर लूपमध्ये लूप. नसतील तर ‘हा पत्ता आहे की साधे मूल्य’ असे विचारणारी आणि पत्ता असेल तर स्वतःलाच बोलावणारी छोटी क्रिया. लिस्पमधील ते ‘हेच कर’ आता रोजंदारीच्या भाषेत उतरले.

२०.
याची गरज किती खरी होती हे मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात दिसते. सुमारे तीन अब्ज अक्षरांचा तो मजकूर थेट वाचता येत नव्हता. गुणसूत्राचे सुमारे दीड लाख अक्षरांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचे आणखी बारीक तुकडे. त्यांतून काही शे अक्षरांची एकेक वाचने. आणि वाचनातील प्रत्येक अक्षराला विश्वासार्हतेचा एकेक अंक. हा जीवशास्त्राचाच कुलवृत्तांत. फक्त यात एक शाखा सुटली तर जनुकाचा तुकडा सुटणार होता.

२१.
१९९६ साली लिंकन स्टाइन या शास्त्रज्ञाने ‘द पर्ल जर्नल’मध्ये एक लेख लिहिला : पर्लने जनुकसंच प्रकल्प कसा वाचवला. शीर्षकात थोडी अतिशयोक्ती असली तरी त्यातील अडचण खरी होती. मोठ्या केंद्रांच्या प्रयोगशाळांतील पद्धती जवळजवळ सारख्या, पण एकाची माहिती दुसऱ्याच्या प्रोग्रामला कळेना. उपाय म्हणून ‘बोल्डर’ नावाची साधी मांडणी आणि पर्लचे प्रोग्राम वापरले गेले. प्रत्येक प्रोग्रामने आपल्याला कळणाऱ्या नोंदी घ्यायच्या, न कळणाऱ्या तशाच पुढे द्यायच्या. पुढे या मांडणीत महिरपी कंस घालून नोंदीच्या आत नोंद ठेवण्याचीही सोय झाली. संगणकशास्त्राची पदवी नसलेले जीवशास्त्रज्ञ अशा नोंदींवर स्वतः लूप लिहू लागले, हा या कथेतील मोठा बदल.

२२.
पायथन १९९१ साली प्रसिद्ध झाली ती मुळातच यादीत यादी ठेवू देणारी होती. तिची भर वेगळ्या ठिकाणी पडली. समजा फायलींच्या फोल्डरांमधून फिरायचे आहे. जुन्या रीतीत आपण एक क्रिया लिहून ग्रंथालयाच्या हवाली करायची आणि फिरताना ते तिला बोलावत राही. लूप ग्रंथालयाच्या ताब्यात, आपण पाहुणे. २००१च्या अखेरीस पायथन २.२मध्ये ‘जनरेटर’ आले : एक मूल्य हाती देऊन थांबणारी, आणि पुढचे मागितले की थांबल्या जागेवरून पुढे चालणारी क्रिया. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू आणि राल्फ ग्रिसवोल्ड यांच्या आयकॉन या १९७०च्या दशकातील भाषांत ही कल्पना आधीच होती.

२३.
२००३च्या पायथन २.३मध्ये ‘ओएस डॉट वॉक’ आले आणि फोल्डरांच्या कितीही खोल जंगलातून फिरणे एका साध्या लूपने होऊ लागले. वरवर पाहता लूप आडवेच चालते. खोलीची, परतीची सारी आठवण जनरेटर पोटात ठेवतो. कुलवृत्तांत सपाट केला नाही, पण वाचणाऱ्याला तो सपाट भासतो. ऑकच्या सपाट किल्ल्यांशी ताडून पाहा : तेथे माहिती सपाट करून रचना हरवत होती; येथे रचना जागेवर राहून केवळ चालणे सपाट झाले.

२४.
तरी दोन धोके उरलेच. पहिला धोका चक्राचा. पत्ते ठेवू दिले की एखादा पत्ता फिरून पूर्वजाकडेच नेऊ शकतो, आणि मग लूप कधीच संपत नाही. पर्लमधील ‘डेटा-डंपर’ हे साधन आधी भेटलेले पत्ते नोंदवून ठेवते आणि पुन्हा भेट झाली की आत न जाता केवळ उल्लेख करते. पायथन स्वतःलाच पोटात घेतलेली यादी छापताना आत तीन टिंबे देऊन थांबते. ही तर त्रेमोची खडूची खूण! १८८२ सालच्या पानांवरची युक्ती अशी आजच्या भाषांत वावरते.

२५.
दुसरा धोका तळघराच्या आकाराचा. तळघर अथांग नसते. पायथन मूळ मांडणीनुसार सुमारे १००० पातळ्यांनंतर चूक दाखवून थांबते. पर्ल १०० पातळ्या ओलांडल्यावर, इशारे चालू असतील तर, सावध करते. पीएचपीतील जेसन वाचणारी क्रिया ५१२ पातळ्यांपर्यंतच उतरते. जेसनच्या अधिकृत नियमावलीतही खोलीला मर्यादा घालण्याची मुभा वाचणाऱ्या प्रोग्रामला दिलेली आहे. कारण उघड आहे : आज ही माहिती परक्यांकडून येते. कोणी मुद्दाम लाखभर चौकटी कंस एकात एक घालून पाठवले तर बेसावध सर्व्हर आत उतरता उतरता कोसळेल.

२६.
म्हणून हा इतिहास ‘लूप हळूहळू सोपे झाले’ एवढाच नाही. परतीची आठवण कधी नाहीशी झाली नाही. ती फक्त हात बदलत गेली. भिंतीवरच्या खडूकडून ट्युरिंग-बाउअरच्या तळघराकडे, तेथून एका दूरध्वनीने अल्गोलच्या नियमात, मग पर्लच्या पत्त्यांतून जीवशास्त्रज्ञांच्या टेबलावर, आणि शेवटी जनरेटरच्या पोटात. ज्या प्रोग्रामरला ही आठवण कोठे ठेवली आहे ते ठाऊक असते, त्याला एक हजारावी पातळी गाठल्यावर आलेली चूक कोडे वाटत नाही. तळघर भरले आहे एवढेच ती सांगत असते. अशा वेळी परतीचे पत्ते स्वतःच्या यादीत रचून तेच काम साध्या लूपने करता येते. ट्युरिंगचे पुरणे आणि उकरणे, आपल्या हातांनी.

२७.
येथे थांबतो. जाता जाता एक विचारणा : या थ्रेडमध्ये ‘रिकर्शन’ हाच शब्द ठेवला आहे. आपल्या वर्गात, पाठ्यपुस्तकात किंवा बोलण्यात त्यासाठी एखादा मराठी शब्द रुळला असेल तर खाली जरूर लिहा.

(समाप्त)